पीकविमा आणि ‘स्वतंत्र’ धोके : एका गृहीताचे परीक्षण

१

पीकविम्याच्या हप्त्याची आकारणी हा विषय सामान्यतः अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या कक्षेतील समजला जातो, आणि ते योग्यही आहे. तथापि ज्या संज्ञांवर ही आकारणी उभी असते त्या गणिताच्या ग्रंथांतून शासननिर्णयांत, शासननिर्णयांतून अर्जाच्या नमुन्यांत आणि तेथून शेतकऱ्याच्या बोलण्यात उतरतात. आणि उतरता उतरता त्यांचे अर्थ पालटतात. हा पालट कोठे होतो व त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येण्यासारखे नाही. प्रस्तुत परीक्षणाचा विषय अशी एकच संज्ञा आहे : ‘स्वतंत्र’ धोका. तिच्या समोर उभी असलेली ‘परस्परावलंबी’ धोका ही दुसरी संज्ञाही तिच्याबरोबर तपासावी लागेल.

विम्याचे मूळ तत्त्व साधे आहे. एखाद्या शहरातील हजार घरांपैकी कोणत्या घराला आग लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु वर्षाकाठी साधारणपणे किती घरांना आग लागेल हे मागील अनुभवावरून सांगता येते. एका घराची आग दुसऱ्या दूरच्या घराच्या आगीशी संबंध ठेवीत नाही, म्हणून अनेक घरांचे धोके एकत्र केले की बेरजेतील अनिश्चितता घटत जाते आणि प्रत्येकाकडून थोडा हप्ता घेऊन काहींची हानी भरून देता येते. ‘संबंध ठेवीत नाही’ या तीन शब्दांत विमाशास्त्राचे सारे सामर्थ्य साठवलेले आहे. संख्याशास्त्र याच गुणाला स्वातंत्र्य म्हणते.

आता नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागातील नायगाव तालुका डोळ्यांसमोर आणावा. नायगाव, नरसी, मांजरम, बरबडा, कुंटूर या गावांच्या शिवारांत खरिपात सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद ही पिके असतात. ती बहुतांशी पावसावर अवलंबून असतात. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, तर ती नरसीपुरती मारीत नाही. शेजारच्या बिलोली, मुखेड, देगलूर, कंधार या तालुक्यांतही सोयाबीनच्या शेंगा त्याच आठवड्यात भरावयाच्या राहतात. पुढे लातूर जिल्ह्यातही फारसे निराळे चित्र नसते. २०१५ सालच्या अवर्षणाने मराठवाड्याचे आठही जिल्हे एकाच वेळी ग्रासले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याच्या उलट २०२१ आणि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत अतिवृष्टीने याच प्रदेशातील उभी पिके पाण्याखाली गेली. येथे एका शेताचा धोका दुसऱ्या शेताच्या धोक्याशी संबंध ठेवतो, आणि तो संबंध नेमक्या वाईट वर्षी सर्वांत घट्ट होतो.

मग पीकविम्याचा हप्ता ठरविताना हा संबंध हिशेबात कोठे धरला जातो? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही.

२

भारतातील पीकविम्याचा विचार जुना आहे. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पर्जन्यमानावर आधारलेली योजना मांडली होती. १९७२–७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर वैयक्तिक शेत हा घटक धरून प्रयोग झाला. परंतु शेतनिहाय हानी मोजणे खर्चाचे आणि वादाचे ठरते, हा अनुभव त्या मार्गात लवकरच आला. या टप्प्यावर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये जी मांडणी केली तिने पुढील सर्व योजनांची दिशा ठरविली. मराठवाड्यातील वाचकांना दांडेकरांचे नाव १९८४ च्या अनुशेषविषयक अहवालामुळे अधिक परिचित आहे. पीकविम्याच्या इतिहासातही त्यांचे स्थान तितकेच मोठे आहे.

त्यांच्या विचाराचे सार असे : ज्या क्षेत्रातील जमीन, पाऊस व पीकपद्धती एकसारखी आहे असे समजातीय क्षेत्र हाच विम्याचा घटक मानावा; त्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगांनी मोजावे; ते ठरावीक मर्यादेखाली गेल्यास क्षेत्रातील सर्व विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्यावी. यात शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाला बक्षीस मिळण्याचा किंवा केवळ धोक्याची शेतेच विम्याखाली येण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्वांचा कणा हाच आहे. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हा घटक धरला जातो.

पीक कापणी प्रयोगांचे शास्त्रही भारतातच घडले. १९४० च्या दशकात महालनोबिस एका बाजूला आणि पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे दुसऱ्या बाजूला असा कापणीच्या तुकड्याच्या आकारमानाविषयी मोठा वाद झाला होता. मंडळातील हजारो शेतांच्या वतीने थोड्याच तुकड्यांची कापणी बोलू शकते, ती दोन कारणांनी : तुकडे यदृच्छेने निवडलेले असतात, आणि मंडळातील शेते बऱ्याच अंशी एकत्र चालतात.

येथेच या विचाराचे मर्म आहे आणि येथेच त्याची अडचण आहे. क्षेत्राधारित विमा शेतकऱ्याला न्याय्य ठरावयाचा असेल, तर मंडळातील शेते एकत्र पिकली व एकत्र बुडाली पाहिजेत; नाहीतर सरासरी एक सांगेल आणि विशिष्ट शेताचे वास्तव दुसरेच असेल. म्हणजे घटकाच्या आत सहसंबंध जितका अधिक तितका विमा खरा. परंतु विमादार टिकावयाचा असेल, तर एक घटक बुडताना दुसरा तरला पाहिजे. म्हणजे घटकाघटकांमधील सहसंबंध जितका कमी तितका विमा स्वस्त. एकच गुण आत हवा आणि बाहेर नको. दुर्दैव असे की पाऊस महसूल मंडळाच्या सीमा ओळखीत नाही. मांजरमची शेते ज्या कारणाने एकमेकांसारखी वागतात, त्याच कारणाने मांजरम आणि नरसी एकमेकांसारखी वागतात. आतला सहसंबंध वापरून मोजणीचा खर्च वाचवावयाचा आणि आकारणीच्या वेळी बाहेरचा सहसंबंध विसरावयाचा, हे एकाच तत्त्वाचे दोन ठिकाणी दोन भाव करण्यासारखे आहे. पुढील योजनांनी समजातीय क्षेत्राचे तत्त्व उचलले. त्याची ही दुसरी बाजू मात्र त्यांच्या हिशेबात पुरेशी उतरली नाही.

३

हा दोष किती मोठा आहे हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका राज्यात १०० महसूल मंडळे आहेत. प्रत्येकाची विमा संरक्षित रक्कम १ कोटी रुपये आहे. आणि कोणत्याही मंडळाचे पीक पूर्ण बुडण्याची संभाव्यता दहांत एक आहे, असे समजावे. तर सरासरीने दर वर्षी १० मंडळे बुडतील, भरपाई १० कोटींची होईल, आणि प्रशासन खर्च व नफा वगळता न्याय्य हप्ता दर मंडळास १० लाख, एकूण १० कोटी, इतका येईल.

मंडळे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर एखाद्या वर्षी २० किंवा अधिक मंडळे बुडण्याची संभाव्यता हजारात सुमारे २ इतकी अल्प आहे. विमादाराला निश्चिंत राहता येईल.

आता याच राज्याची दुसरी कल्पना करावी. दहांतील नऊ वर्षे साधारण असतात आणि त्यांत मंडळ बुडण्याची संभाव्यता शेकडा ५ असते. दहांतील एक वर्ष दुष्काळाचे असते आणि त्यात ती शेकडा ५५ असते. सरासरी पूर्वीइतकीच, शेकडा १०, येते. मागील नोंदींवरून मंडळवार सरासरी काढणाऱ्याला दोन्ही राज्यांत काहीच फरक दिसणार नाही. हप्ताही तोच ठरेल. परंतु दुसऱ्या राज्यात दहा वर्षांतून एकदा ५५ कोटींची मागणी १० कोटींच्या तिजोरीपुढे येऊन उभी राहील. २० किंवा अधिक मंडळे बुडण्याची संभाव्यता हजारात २ वरून दहांत १ वर गेली, म्हणजे सुमारे पन्नासपट झाली. आणि सरासरीला त्याचा पत्ताही लागला नाही.

या दुसऱ्या राज्यातील कोणत्याही दोन मंडळांमधील सहसंबंधाचा गुणांक काढला तर तो अवघा ०.२५ येतो. पाठ्यपुस्तके अशा गुणांकाला ‘क्षीण’ म्हणतात. या क्षीण सहसंबंधानेच एकूण भरपाईचे प्रमाण विचलन ३ कोटींवरून सुमारे १५ कोटींवर नेले. शिवाय मंडळांची संख्या शंभरावरून हजारावर नेली तरीही फारसा लाभ होत नाही. स्वतंत्र धोक्यांत संख्या वाढवावी तशी सरासरीतील अनिश्चितता शून्याकडे जाते. येथे ती एका मंडळाच्या अनिश्चिततेच्या निम्म्यावर येऊन थांबते, आणि तेथून खाली उतरत नाही. अधिकाधिक शेतकऱ्यांना विम्याखाली आणले की विमा आपोआप सुरक्षित होतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. एकाच आभाळाखालची गर्दी वाढविल्याने आभाळ वाटले जात नाही.

अमेरिकेतील मिरांडा व ग्लॉबर यांनी १९९७ मध्ये तेथील पीकविमा कंपन्यांचा हिशेब मांडून असा निष्कर्ष काढला होता की उत्पन्ने परस्परांपासून स्वतंत्र असती तर जितका धोका राहिला असता, त्याच्या वीस ते पन्नास पट धोका प्रत्यक्षात या कंपन्यांच्या पदरी आहे. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण आणि विविध हवामानाच्या देशात ही स्थिती, तर मोसमी वाऱ्यांच्या एकाच शाखेकडे डोळे लावून बसलेल्या प्रदेशाविषयी निराळे सांगावयास नको.

सहसंबंधाचा एकच आकडा पुरेसा नाही, ही याच्या पुढची पायरी आहे. तो गुणांक सर्व वर्षांची सरासरी सांगतो. चांगल्या वर्षी एका मंडळात चांगले उत्पन्न येण्याची आणि दुसऱ्यात मध्यम येण्याची कारणे निरनिराळी असतात : बियाणे, खत, तण, कीड, मेहनत. वाईट वर्षी कारण एकच उरते. म्हणून ‘एकत्र बुडणे’ आणि ‘एकत्र पिकणे’ हे दोन भिन्न गुण आहेत. हे भिन्नत्व मांडता यावे अशी रचना एब स्क्लार यांनी १९५९ मध्ये दिली. त्या रचनेला त्यांनी दिलेले ‘कोप्युला’ हे नाव व्याकरणातले आहे. उद्देश्य आणि विधेय यांना जोडणाऱ्या संयोजक क्रियापदाला पाश्चात्त्य व्याकरण हेच म्हणते. प्रत्येक मंडळाचे स्वतःचे वर्तन निराळे मांडावयाचे आणि त्यांना जोडणारा दुवा निराळा मांडावयाचा, अशी ही योजना आहे. मराठीत तिला ‘संयोजक’ म्हणण्यास हरकत नाही.

तथापि संयोजक निवडतानाही गृहीत दडवता येते. सर्वांत सोयीचा संयोजक गाउसचा. त्याचा धर्म असा की धोका जसजसा टोकाला जातो, तसतसा एकत्र बुडण्याचा संबंध त्यात विरळ होत जाऊन अखेर नाहीसा होतो. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर गृहकर्जांच्या आकारणीतील याच साधनावर कठोर टीका झाली. मराठवाड्याच्या पावसाची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. येथे खालच्या टोकाला घट्ट आणि वरच्या टोकाला सैल असा संयोजक हवा. क्लेटन यांच्या नावाने ओळखला जाणारा संयोजक तसा आहे. गणित उपलब्ध आहे. ते कोणत्या समजुतीने वापरावयाचे हा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न पुन्हा शब्दांकडे घेऊन येतो.

४

धोक्यांच्या या संबंधाला मराठीत ‘परस्परावलंबन’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे. हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो. परस्परावलंबन म्हणजे एकाने दुसऱ्यावर आणि दुसऱ्याने पहिल्यावर टेकणे. घराच्या दोन वाशांसारखे. नरसीचे सोयाबीन मांजरमच्या सोयाबीनवर टेकलेले नाही. मांजरमला पाणी दिले म्हणून नरसी वाचत नाही, आणि नरसी वाळली म्हणून मांजरम वाळत नाही. दोन्ही शिवारे तिसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून आहेत. हा संबंध आडवा नसून उभा आहे. ‘परस्परावलंबी’ म्हटले की उपाय म्हणून दुवा तोडण्याची कल्पना सुचते. दूरची मंडळे निवडली की काम झाले असे वाटते. ‘एककारणी’ म्हटले की लक्ष त्या कारणाकडे जाते, आणि ते कारण किती दूरवर पसरले आहे हे विचारणे भाग पडते. कीड मात्र एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. तेथे परस्परावलंबन हा शब्द काही अंशी शोभेल. दोन प्रकारच्या संबंधांना एकच नाव दिल्याने आकारणीतही दोहोंची सरमिसळ होते.

‘स्वतंत्र’ या शब्दाचीही अशीच गत आहे. मराठीत स्वतंत्र तो की ज्याचे तंत्र स्वतःच्या हाती. अर्जाच्या नमुन्यात प्रत्येक शेतकरी, प्रत्येक गट क्रमांक, प्रत्येक मंडळ स्वतंत्र असते. त्याचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र पावती, स्वतंत्र क्रमांक. या प्रशासकीय स्वातंत्र्याचे संख्याशास्त्रीय स्वातंत्र्याशी काहीही नाते नाही. परंतु रकाने वेगळे असले की धोकेही वेगळे आहेत असा भास निर्माण होतो, आणि मंडळवार सरासरींच्या बेरजेला तो भास पुरतो.

याच्या तुलनेत रूढ बोलीतले शब्द अधिक नेमके आहेत. ‘दुष्काळ’ या शब्दात वाईट ठरविला आहे तो काळ, शेत नव्हे. म्हणून माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात आणि त्यातील अंक वर्षाचा असतो. कोणी ‘माझ्या शेताचा दुष्काळ’ म्हणत नाही. ‘गारपीट’ मात्र अमुक शिवारावर झाली, तमुक वाचले, असे म्हणतात. तिला जागा असते. अतिवृष्टीसाठी ‘ओला दुष्काळ’ हा शब्दप्रयोग वरवर विसंगत वाटतो. परंतु त्यात पाण्याच्या प्रमाणापेक्षा आपत्तीचे सार्वत्रिक रूप महत्त्वाचे मानले आहे, आणि त्या अर्थाने तो पूर्ण सुसंगत आहे. समाईक धोका आणि एकाकी धोका यांतील भेद भाषेने पूर्वीच करून ठेवला आहे. २०१६ च्या योजनेनेही मूळात तो मान्य केला होता : अवर्षणाचा विचार मंडळाच्या पातळीवर, तर गारपीट, भूस्खलन व शेत जलमय होणे यांचा विचार वैयक्तिक शेताच्या पातळीवर.

अर्थात बोलीतील सर्वच शब्द निर्दोष आहेत असे नाही. ‘सरसकट’ हा शब्द पाहावा. समाईक आपत्तीत सर्वांना मदत मिळावी ही त्यामागील भावना न्याय्य आहे. परंतु तो शब्द एकाच मंडळातील गोदावरीकाठचे चिबडलेले शेत आणि उंचवट्यावरचे बचावलेले शेत यांतील भेद पुसून टाकतो. सहसंबंध ०.२५ असताना तो शून्य मानणे जशी चूक, तशी तो १ मानणे हीही चूकच. सरासरी सावरली आणि शेत बुडाले, या विसंगतीचा भार आजवर शेतकऱ्याने सोसला आहे. ‘सरसकट’ने ती विसंगती लोप पावत नाही, ती फक्त दुसऱ्या बाजूला झुकते.

‘हप्ता’ या शब्दानेही असाच घोळ केला आहे. विमागणिताने ठरलेला पूर्ण हप्ता एक आणि शेतकऱ्याचा हिस्सा दुसरा. २०१६ च्या योजनेत हा हिस्सा खरिपास शेकडा २, रब्बीस १.५ आणि नगदी पिकांस ५ या मर्यादेत बांधलेला आहे व उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. २०२५ च्या खरिपापूर्वी ती सवलत संपली. ‘एक रुपयात विमा’ या शब्दयोजनेने त्या दोन वर्षांत सर्व चर्चा हिश्श्याभोवती फिरत राहिली. पूर्ण हप्ता कोणत्या गृहीतावर ठरतो, हा प्रश्न रुपयाच्या आड गेला.

५

समाईक कारण विसरल्याचे परिणाम योजनेच्या तीन अंगांत दिसतात.

पहिले अंग निविदांसाठी केलेल्या जिल्हासमूहांचे. समूह करताना अधिक, मध्यम व कमी धोक्याचे जिल्हे एकत्र यावेत असा संकेत आहे. हा संकेत धोक्याची पातळी मिसळतो, धोक्याची वेळ मिसळत नाही. अधिक धोक्याचा आणि कमी धोक्याचा असे दोन जिल्हे एकाच वर्षी आपापल्या परीने बुडत असतील, तर त्यांच्या मिश्रणाने सरासरी सौम्य होते. टोकाचे वर्ष मात्र तसेच राहते. समूहाची कसोटी ‘कोण किती वेळा बुडतो’ ही नसून ‘कोण कोणाबरोबर बुडतो’ ही असली पाहिजे. या कसोटीने नांदेड आणि लातूर यांना एकत्र बांधण्याचा लाभ अल्प आहे.

दुसरे अंग उंबरठा उत्पन्नाचे. २०१८ च्या सुधारणेनुसार मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणले जाते. दोन वाईट वर्षे वगळण्यामागे शेतकऱ्याचे हित आहे. परंतु सातांत वाईट वर्षे दोनच असतील हे गृहीत, वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत या समजुतीतून येते. २०१२ ते २०१८ ही सात वर्षे घ्यावीत. त्यांत २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही चार मराठवाड्याच्या मोठ्या भागाला अवर्षणाची गेली. ज्या मंडळाची ही चारही वर्षे बुडाली, त्याची दोन वगळली तरी दोन सरासरीत उरतातच आणि उंबरठा खाली ओढतात. ज्याला विम्याची गरज सर्वाधिक, त्याचाच उंबरठा सर्वांत खाली, असा हा विपर्यास आहे.

तिसरे अंग ‘बीड पॅटर्न’चे. २०२० मध्ये बीड जिल्ह्यासाठी स्वीकारलेली आणि २०२२ च्या खरिपापासून राज्यभर लागू झालेली ही रीत अशी : भरपाई एकूण हप्त्याच्या शेकडा ११० पर्यंत कंपनीने द्यावी, त्यापुढील राज्याने, आणि भरपाई शेकडा ८० हून कमी झाल्यास कंपनीने हप्त्याच्या शेकडा २० स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करावी. कोरड्या वर्षी कंपन्या बाहेरच राहतात आणि चांगल्या वर्षी मोठा नफा नेतात, या दोन्ही तक्रारींवर हा उपाय होता. टोकाचे वर्ष खाजगी विमादाराला पेलणारे नाही, हे या रीतीने मान्य केले; हा तिचा मोठा गुण होय.

परंतु ८० आणि ११० या आकड्यांचा भाव कोण ठरविणार? वर कल्पिलेल्या दोन राज्यांना ही रीत लावून पाहावी. दुष्काळी वर्षाच्या राज्यात साधारण वर्षी हप्ता १० कोटी, भरपाई ५ कोटी. कंपनी २ कोटी ठेवते, राज्याला ३ कोटी परत देते. नऊ वर्षांत कंपनीजवळ १८ कोटी जमतात आणि राज्याकडे २७ कोटी परत येतात. दहाव्या वर्षी भरपाई ५५ कोटी; कंपनी ११ कोटी देते, म्हणजे हप्त्यावर तिला १ कोटीचा तोटा, आणि राज्याला ४४ कोटी द्यावे लागतात. दहा वर्षांच्या अखेरीस कंपनीच्या पदरी १७ कोटी नफा, राज्याच्या पदरी १७ कोटी तोटा. आणि हप्ता तर पूर्ण ‘न्याय्य’ होता. मंडळे स्वतंत्र असती तर याच रीतीने कंपनीचा दहा वर्षांतील अपेक्षित नफा सुमारे साडेतीन कोटी आला असता. साडेतीन आणि १७ यांतील अंतर हीच समाईक धोक्याची किंमत आहे. ती कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. राज्याच्या तिजोरीवर ती दहाव्या वर्षी एकदम येते, आणि नेमक्या त्याच वर्षी पाणीटंचाई, चारा आणि रोजगार यांचाही भार त्या तिजोरीवर असतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की उदाहरण कल्पित आहे. तो आक्षेप आकड्यांपुरता मान्य करावा लागेल; दुष्काळी वर्ष दहांत एक की सातांत एक, त्यात शेकडा ५५ मंडळे बुडतात की ४०, हे प्रत्यक्ष नोंदींवरूनच ठरले पाहिजे. दिशेविषयी मात्र शंका राहत नाही. सहसंबंध शून्याहून जितका वर, तितका ११० वरील थर महाग; आणि तो थर विनामूल्य दिला जात असेल तर त्याच्या किमतीइतके अनुदान न बोलता दिले जात आहे.

२०२५ च्या खरिपासाठी राज्याने भरपाईचे निकष पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नापुरते ठेवले. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसारखी वैयक्तिक संरक्षणे त्यातून गेली. यामागे गैरप्रकार रोखण्याचा हेतू असू शकेल. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ गंभीर आहे. विम्यातून एकाकी धोका काढून टाकला की उरतो तो केवळ समाईक धोका. म्हणजे विमा अधिक शुद्धपणे दुष्काळाचा झाला, आणि स्वतंत्र धोक्यांचे गृहीत पूर्वीपेक्षाही अधिक खोटे ठरले.

६

या परीक्षणातून निघणारे निष्कर्ष थोडके आहेत. क्षेत्राधारित विम्याचे दांडेकरप्रणीत तत्त्व आजही ग्राह्य आहे. परंतु ते तत्त्व ज्या सहसंबंधावर जगते त्याचीच किंमत आकारणीत उतरत नाही, हा त्याच्या वापरातील मूलभूत दोष होय. हप्ता मंडळवार सरासरीने ठरविण्याबरोबरच सर्व मंडळांच्या संयुक्त वर्तनाचा अंदाज निविदेचा भाग व्हावा. समूह बांधताना धोक्याच्या पातळीइतकाच त्याच्या वेळेचा विचार व्हावा. शेकडा ११० वरील थराची किंमत स्वतंत्रपणे काढून ती अर्थसंकल्पात चांगल्या वर्षीच राखून ठेवावी. कंपनीकडून परत येणारी रक्कम त्या राखीव निधीत जावी, सामान्य महसुलात नव्हे. हे सर्व करण्यास लागणारी सामग्री अगदीच अप्राप्य नाही : मंडळवार पर्जन्याच्या नोंदी होतात, पीक कापणी प्रयोगांचे आकडे जमतात, आणि गावोगावच्या पैसेवारीचे जुने दप्तर महसूल खात्याकडे आहे. कमतरता आहे ती या तीन नोंदी एकत्र ठेवून वाचण्याची.

भाषेच्या बाजूने सुचवावयाचे ते एवढेच की शासननिर्णयांत आणि अर्जांत ‘समाईक धोका’ व ‘एकाकी धोका’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा याव्यात, ‘हप्ता’ आणि ‘शेतकरी हिस्सा’ यांची गल्लत थांबावी, आणि ‘परस्परावलंबी’ हा शब्द जेथे कारण एकच आहे तेथे वापरू नये. ही सूचना शब्दच्छलाची वाटेल. परंतु नायगावच्या शेतकऱ्याला पावती देताना त्याचा धोका त्याच्या एकट्याचा आहे असे सांगणारी आणि भरपाईच्या वेळी तो मंडळाचा आहे असे सांगणारी भाषा, त्याच्या मनात विम्याविषयी विश्वास निर्माण करू शकत नाही. गणिताने जो संबंध हिशेबात धरावयाचा आहे, तो आधी नावाने ओळखला गेला पाहिजे. दुष्काळ हा काळाचा दोष आहे, ही गोष्ट भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आकारणीच्या कोष्टकांनीही ती मान्य करण्यास आता विलंब होऊ नये.